सर्व भाग मूळचे

पाटीवर चार ओळी होत्या. यंत्राचं नाव, बनवल्याचं साल, ‘सर्व भाग मूळचे, दुरुस्ती नाही’ आणि शेवटी देणगी देणाऱ्या डॉक्टरांचं नाव. तिनं त्या वरून खाली वाचल्या, पुढच्या पेटीकडे जायला पाऊल उचललं आणि परत मागे आली. तिसरी ओळ पुन्हा वाचली. संग्रहालयाच्या त्या दालनात दुपारी फारसं कुणी नव्हतं. लांब खुर्चीवर पहारेकरी पेंगत होता आणि तिची धाकटी बहीण एका जुन्या घड्याळापुढे उभी राहून आपल्या मनगटावरचं घड्याळ बरोबर आहे का ते बघत होती. काचेआड फोनोग्राफ होता. लाकडी पेटी, वर पितळी दांडा, दांड्यावर मेणाचं नळकांडं आणि फुलासारखा उमललेला काळा कर्णा. कर्णा आणि नळकांडं यांच्या मध्ये, कोटाच्या मोठ्या बटणाएवढी, एक गोल डबी होती. कर्णा कितीही मोठा असो, गाणं उमटतं ते त्या डबीत. तिच्या आतला अभ्रकाचा पापुद्रा थरथरला तर पुढचं सगळं. आणि ती डबी मूळची नव्हती. ती तिनं केली होती, अकरा वर्षांपूर्वी, त्याच डॉक्टरांच्या दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत, जिथे एरवी ती लोकांच्या कवळ्या बनवायची. तिला आधी हसू आलं. एवढे शिकलेले लोक, भिंगं लावून बघणारे, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. काचेत तिला स्वतःचं हसणारं तोंड दिसलं, मग ते हसू तिच्या डोळ्यांदेखत उतरत गेलं आणि कान तापले.

ती डबी करायला तिला सात महिने लागले होते. यंत्र आलं तेव्हा मुकं होतं. डॉक्टरांनी ते कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलच्या माळ्यावरून मिळवलं होतं आणि एखाद्या पेशंटला आणावं तसं दोन्ही हातांनी धरून आणलं होतं. डबीच्या जागी कुणीतरी दिव्याचं झाकण ठोकून बसवलं होतं. डॉक्टर म्हणाले, शोभेला राहील. शोभेला हा शब्द तिला झोंबला. शोभेचे दात तिनं जन्मात केले नव्हते. तिनं केलेल्या कवळीनं माणूस खायचा, शिव्या द्यायचा, शीळ घालायचा. कुठल्याशा जुन्या जाहिरातीतल्या चित्रावरून तिनं डबीचं माप काढलं. मग मेणात ती कोरली, कारण मेण तिच्या बोटांना आईच्या भाषेसारखं येत होतं. मेणाभोवती साचा ओतला, भट्टीत मेण वितळवून घालवलं आणि उरलेल्या पोकळीत धातू सोडला. दाताची टोपी अशीच होते. तीच टोपी जरा मोठी केली, एवढंच. अभ्रक काढला जुन्या इस्त्रीतून. त्याचे पापुद्रे सुटे करताना श्वास धरावा लागायचा, नाहीतर उडून जायचे. पापुद्र्याच्या कडेला मऊ कडं हवं होतं. मूळ यंत्रात रबराचं असायचं, ते तिच्याकडे नव्हतं. कवळीच्या खाली हिरडीला टोचू नये म्हणून जो मऊ गुलाबी थर देतात, त्याचंच कडं तिनं केलं. पहिल्या तीन डब्या नुसत्या खरखरल्या. चौथी बसवली तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि पुढच्या खोलीत खुर्चीवर एक गृहस्थ तोंडात मापाचा लगदा घेऊन आ वासून बसले होते. चावी दिली, डबीखालचं टोक नळकांड्यावर टेकवलं, आणि कर्ण्यातून एक बाई गायला लागली. खूप लांबून, पावसात पत्र्याआडून गावं तशी, पण गायला लागली. डॉक्टर लगदा तसाच सोडून आत आले. गृहस्थही त्यांच्या मागोमाग आले, गळ्याला फडकं, तोंडात मापाचा लोखंडी चमचा, आणि दाराशी उभे राहिले. बोलता तर येत नव्हतं. गाणं संपलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते गाण्याचं होतं की लगद्याचं, हे कळायला मार्ग नव्हता. त्या दिवशी घरी जाताना तिला रस्त्यातला प्रत्येक माणूस आपल्या ओळखीचा वाटला होता.

धाकटी जवळ आली आणि पाय दुखतात म्हणाली. बाहेरच्या उपाहारगृहात चहा घेताना तिनं धाकटीला सांगून टाकलं. धाकटीनं आधी ऐकलं, मग बशी पुसली, मग म्हणाली की यात वाईट वाटण्यासारखं काय आहे ते तिला कळत नाही. एवढ्या मोठ्या ठिकाणी तुझी वस्तू ठेवली आहे, लोक येऊन बघतात, आणखी काय पाहिजे? गप्प बस, उगाच त्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या अब्रूला हात लागेल. धाकटीचं सगळं आयुष्य गप्प बसण्याच्या सल्ल्यावर नीट चाललं होतं, त्यामुळे तो सल्ला ती सढळ हातानं वाटायची. तिच्या मते ताईच्या डोक्यात भोंगे गेले होते ते काही आजचे नाहीत.

भोंगे ही गोष्ट मात्र खरी होती. डॉक्टरांना जुनी गाणारी यंत्रं जमवायचा छंद होता; त्यातलं जे ते मोडकं म्हणून टाकून द्यायचे ते ती पिशवीत घालून घरी न्यायची, आणि असं करता करता घरात चौदा यंत्रं झाली होती. नवरा होता तोवर म्हणायचा, या घरात दोन माणसांना कान चार आणि कर्णे चौदा. तो नकाशे काढायच्या कचेरीत होता, त्याला बारीक कामाची कदर होती. यंत्रांसाठी फळ्या त्यानंच ठोकल्या होत्या. तो गेल्यावर ती रविवारी एकेका यंत्राचं फडकं काढून पुसायची आणि त्या काळाविषयी जे सापडेल ते वाचायची. एक गोष्ट वाचल्यापासून तिच्या डोक्यातून गेली नव्हती. सुरुवातीला नळकांड्याची नक्कलच करता येत नसे. शंभर नळकांडी विकायची तर गाणाऱ्यानं तेच गाणं पुन्हा पुन्हा गायचं. समोर चार-पाच कर्णे लावलेले, एका वेळी तेवढीच नळकांडी भरायची, मग नवीन चढवायची, मग पुन्हा पहिल्यापासून. गाणारा वरच्या सुराला गेला की मागचा माणूस त्याचे खांदे धरून त्याला कर्ण्यापासून ओढायचा, नाहीतर मेण कोरणारं टोक उडायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. म्हणजे तिच्या घरातल्या प्रत्येक नळकांड्यात जे गाणं होतं, ते त्या माणसानं त्या एकाच वेळी तसं गायलं होतं. कुठे सतराव्यांदा, कुठे साठाव्यांदा. एका नळकांड्यात गाता गाता बाई खोकल्याचा ठसका गिळते, ते तिला ऐकू यायचं. तिथे ती दर वेळी नकळत स्वतःचा गळा साफ करायची.

पुढचे आठ दिवस तिच्या हातून साधी कामं बिघडत राहिली. दूध उतू गेलं. किल्ली आत राहिली. आपल्याला नक्की काय टोचतंय हे तिला धड सापडत नव्हतं. कौतुकाची हाव असेल म्हणावं, तर एकोणतीस वर्षं तिनं असं काम केलं होतं की ज्याचं कौतुक होणं म्हणजेच ते फसणं. कुणी म्हणालं, वा, छान कवळी आहे, तर मेलीच ती कवळी. लग्नात, सभेत, न्यायालयात तिनं केलेले दात बसले होते आणि कुणाला पत्ता नव्हता, आणि याचा तिला मनातून केवढा ताठा होता. मग त्या डबीनं काय वेगळं केलं? उलट डबीनं तर सगळ्यांवर कडी केली होती. पण ‘दुरुस्ती नाही’ हे शब्द आठवले की ती हातातलं काम सोडून द्यायची. कुणाला कळलं नाही, इथवर ठीक. पण काही झालंच नाही, असं लिहिलं होतं. ते सात महिने, ते श्वास धरून काढलेले पापुद्रे, भट्टीनं भाजलेला अंगठा, हे झालंच नाही. एक दिवस भाजी चिरताना ती सुरी खाली ठेवून मोठ्यानं म्हणाली, “झालंय.” घरात कुणी नव्हतं. तिनं साडी बदलली आणि डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर आता मुलीकडे राहत होते, दुसऱ्या मजल्यावर, गच्चीकडे तोंड करून ठेवलेल्या खुर्चीत. दोन्ही कानांत यंत्रं होती आणि तरी ऐकू कमीच यायचं. ती आली याचा त्यांना आनंद झाला. मुलीनं पाणी आणून दिलं, थोडं बोलली आणि आत गेली. तिनं आडवळण न घेता विचारलं, देणगीच्या अर्जात ‘दुरुस्ती नाही’ असं का लिहिलंत. दोनदा विचारावं लागलं, आणि दुसऱ्यांदा तिचा आवाज चढला तो डॉक्टरांच्या कानांसाठी होता की कसं, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

“बाई, तो रकाना भरताना मला तुमचीच आठवण झाली होती,” ते म्हणाले. “दात असा बसला पाहिजे की कुणाला कळता कामा नये, हे तुमचंच वाक्य ना? मला वाटलं, तुमचा यापेक्षा मोठा मान कोणता.”

हे उत्तर खोटं नव्हतं, हे तिला त्यांच्या तोंडावरून दिसलं, आणि त्यामुळेच ते खोडून काढणं कठीण झालं. क्षणभर तिला वाटलं, पाणी प्यावं आणि परत जावं. धाकटी खूश होईल.

“कळू नये ते बाकीच्यांना, डॉक्टर,” ती म्हणाली. “ज्याच्या तोंडात बसलाय त्याला माहीत असतं. तो रोज आरशात बघतो. आणि तुमच्या वहीत नोंद असते.”

डॉक्टरांनी मान हलवली. ते म्हणाले, लोक म्हणतील की म्हातारपणी फसवून गेला. ती म्हणाली, मी सांगेन तुम्ही विसरलात. त्यावर डॉक्टर एकदम ताठ बसले, दवाखान्यात एखादा पेशंट दुसऱ्या डॉक्टरचं नाव काढायचा तेव्हा बसायचे तसे. “विसरलो नव्हतो,” ते म्हणाले. “विसरलो म्हणून सांगायचं नाही.” त्यांनी मुलीला हाक मारून जुना चिठ्ठ्यांचा गठ्ठा मागवला, ज्यावर एकेकाळी औषधं लिहायचे तो, आणि थरथरत्या अक्षरात संग्रहालयाला चार ओळी लिहिल्या. लिहिताना हात इतका हलत होता की तिनं कागदाची कड दाबून धरली. असाच कित्येकदा धरला होता, माप घेताना कुणाचा तरी जबडा.

संग्रहपाल चाळिशीचा, नीटनेटका, बोलण्यात फार आदबशीर माणूस होता. त्यानं चिठ्ठी वाचली, तिला बसायला सांगितलं आणि हळुवारपणे तिची समजूत काढायला लागला. यंत्राची तपासणी तज्ज्ञांनी केलेली आहे. डॉक्टरांचं वय झालेलं आहे. अशा जुन्या वस्तूंशी माणसांच्या आठवणी जोडल्या जातात, ते तो समजू शकतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, डबीचे तीन स्क्रू काढा, आत गुलाबी कडं निघेल. नाही निघालं तर मी तुमची माफी मागून घरी जाईन. संग्रहपालानं विचारलं, गुलाबी का. “हिरडीचा रंग तोच असतो,” ती म्हणाली.

काचेची पेटी उघडायला दोन सह्या आणि अर्धा तास लागला. संग्रहपालानं पेटीशेजारी टेबल-खुर्च्या लावून घेतल्या आणि पांढरे हातमोजे घातले. पहिले दोन स्क्रू निघाले, तिसरा अडला. तिला माहीत होतं तो अडणार, त्याच्या खाचेत तिनं थोडी घाई केली होती. आधी दाबा आणि मग उलटा फिरवा, असं ती म्हणाली, आणि तसं केल्यावर तो निघाला. तेवढ्यानंच संग्रहपालाचा चेहरा बदलला होता. झाकण उचललं. अभ्रकाचा पापुद्रा दिव्याखाली चमकला आणि त्याच्या भोवती, अकरा वर्षांनी जरा फिकं पडलेलं, पण गुलाबी, अगदी लाजून हसणाऱ्या म्हातारीच्या हिरडीसारखं गुलाबी कडं दिसलं. पहारेकरी खुर्चीवरून उठून बघायला आला होता. तो म्हणाला, “अरे, ही तर माझ्या आईची कवळी.” संग्रहपालाला हसू आवरलं नाही. त्यानं भिंग लावून धातूची कड बघितली, ओतकामाचा मागमूस शोधला, सापडला नाही, आणि भिंग खाली ठेवून त्यानं तिच्या हातांकडे बघितलं. आयुष्यात इतक्या लोकांनी तिच्यापुढे तोंडं उघडली होती, पण तिच्या हातांकडे असं कुणी बघितलं नव्हतं. तिनं ते मांडीवर घेतले नाहीत. टेबलावर तसेच राहू दिले.

मग अडचण निघाली. संग्रहपाल खुर्चीत बसला आणि म्हणाला की या दालनाचा नियम आहे, इथे मूळ स्थितीतल्याच वस्तू ठेवायच्या. डबी तिची आहे असं पाटीवर लिहायचं तर यंत्र इथून हलवावं लागेल, तळघरातल्या अभ्यासखोलीत. तिथे मुख्य जिन्यावरून येणारे लोक जात नाहीत. त्याला स्वतःला हे आवडत नव्हतं, हे उघड होतं. त्यानं असंही सुचवलं की पाटी आहे तशी ठेवू आणि खरी हकिकत दप्तरात नोंदवू, म्हणजे नोंद राहील आणि यंत्रही प्रकाशात राहील. दोन दिवस विचार करा म्हणाला.

तिला दोन दिवस लागले नाहीत, पण ते उत्तर सोपंही नव्हतं. तिनं काचेतल्या यंत्राकडे पाहिलं. वरून दिवा, खाली मखमल. शाळेच्या सहली येतील, आईबाप मुलांना उचलून दाखवतील. सगळ्या आयुष्यात तिनं केलेली एकही वस्तू इतक्या उजेडात बसली नव्हती. आपण आता हो म्हटलं की ते तळघरात जाणार, आपल्याच हट्टानं. तिनं विचारलं, इथे हे कधी वाजवता का? संग्रहपाल दचकला. मूळ वस्तू वाजवायची सोयच नाही म्हणाला, झीज होते. मग तिनं विचारलं, आणि खालच्या खोलीत? खाली अभ्यासासाठी असलेल्या, दुरुस्त केलेल्या वस्तू चालवून दाखवायची परवानगी असते, तो म्हणाला, आणि वाक्य पूर्ण होईतो त्याच्याही लक्षात आलं की ती काय विचारते आहे.

“मग खालीच न्या,” ती म्हणाली. “आणि पाटीवर माझं नाव घाला. आडनावासकट.”

पाटी व्हायला तीन आठवडे गेले. तिच्या नावात एक वेलांटी चुकली होती, ती तिनं बदलून घेतली. नावाखाली ‘दंततंत्रज्ञ’ लिहिलं होतं, ते तिला फार आवडलं, पण तसं तिनं दाखवलं नाही. पहिल्यांदा यंत्र वाजवून दाखवायचं ठरलं ते एका बुधवारी सकाळी. तळघर म्हणजे लांबट खोली होती, वरच्या कडेला खिडक्या, त्यांतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय दिसायचे. विसेक माणसं आली. संगीत शिकणाऱ्या काही मुली, एक पियानो जुळवणारा, रस्ता चुकून खाली आलेलं एक जोडपं. धाकटी पहिल्या रांगेत बसली होती आणि शेजारच्या बाईला सांगत होती की ही माझी सख्खी बहीण, हे सगळं तिनं केलंय, मी तर पहिल्यापासून म्हणत होते की गप्प बसू नकोस. डॉक्टरांना त्यांच्या मुलीनं खुर्चीसकट उचलून आणवलं होतं. त्यांनी खुर्ची यंत्राला लागूनच ठेवायला सांगितली.

नळकांडं तिनं घरून आणलं होतं, शिवणयंत्राच्या भंगारात गंजक्या डब्यात सापडलेलं. त्याच्या पोटावर एक चीर होती, ती तिनं मेणानं इतकी बारीक भरली होती की टोक तिथून जाताना फक्त एक टिचकी वाजायची. संग्रहपालानं चावी तिच्या हातात दिली. तिनं ती फिरवली, शेवटचा अर्धा वेढा सोडून दिला, कारण जुन्या स्प्रिंगला पूर्ण ताण सोसत नाही, आणि टोक टेकवलं. आधी नुसता सळसळाट. मग त्या सळसळाटातून पुरुषाचा आवाज वर आला, कर्ण्यात तोंड घालून गाणाऱ्याचा, थोडा ओरडल्यासारखा, थकलेला आणि थकवा लपवणारा. कितव्यांदा गात होता कुणास ठाऊक. खिडकीतले पाय येत होते, जात होते. डॉक्टरांनी कानातली यंत्रं काढून मांडीवर ठेवली, हात पुढे केला आणि तळवा लाकडी पेटीवर सपाट टेकवला. हळूहळू त्यांचं एक बोट तालावर हलायला लागलं. ते कुणाकडेच बघत नव्हते. तिला वाटलं, हा माणूस गाऊन गाऊन मेला, त्याला कुणी ऐकणारं राहिलं नाही, त्याचे नातेवाईक कोण हे कुणाला माहीत नाही, आणि तरी आज त्याला घशाऐवजी ही डबी आहे. तिच्या मापाची, तिच्या मेणातून ओतलेली. तिचा ऊर भरून आला आणि तिनं तो तसाच भरलेला राहू दिला, आवरला नाही, कुणी बघेल म्हणून तोंडही फिरवलं नाही.

दोन मिनिटांनी गाणं संपलं. शेवटी त्या माणसानं, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, आपलं स्वतःचं नाव मोठ्यानं सांगितलं आणि टोक रिकाम्या मेणावर घसरत राहिलं. मग संगीत शिकणाऱ्यांपैकी एक मुलगी उभी राहिली आणि तिनं विचारलं, पुन्हा ऐकता येईल का? संग्रहपालानं अवघडून सांगितलं की दर वेळी थोडं मेण झिजतं, प्रत्येक वाजवणं शेवटाकडे नेणारं असतं, तेव्हा नियमानं आज एकदाच. पण ते सांगत असताना तो मुलीकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे, नळकांड्याच्या मालकिणीकडे बघत होता. खोलीतले बाकीचेही हळूहळू तिच्याकडे बघायला लागले, डॉक्टरसुद्धा, पेटीवरचा हात न काढता. तिनं नळकांड्यावर अडकलेला मेणाचा एक बारीक तंतू बोटाच्या टोकानं उचलला, उजेडाकडे धरून पाहिला आणि फुंकर घालून उडवला.

“बसा,” ती म्हणाली, आणि चावी फिरवायला घेतली.